नऊ जागांचं गवत

९ ऑक्टोबर

भावोजी,

नमस्कार आहेच, पण आधी तक्रार. मोसमातला पहिला सामना, तोही घरच्या मैदानावर, आणि आपण दोन-शून्यने हरलो. रेडिओवरचा गृहस्थ दर पाच मिनिटांनी सांगत होता की मैदान काय सुरेख आहे, कसं गालिच्यासारखं आहे. त्याला आपल्या संघाबद्दल सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं, हे उघड होतं. म्हणजे अकराही जण नापास, आणि पास कोण, तर ज्याने चेंडूला पायही लावला नाही तो माझा मेहुणा.

मुलीकडे राहायला येऊन मला तीन वर्षं झाली. गुडघ्यांनी गॅलरीच्या पायऱ्या नाकारल्या, म्हणून आलो. उत्तर गॅलरीतल्या माझ्या जागेचा पास मात्र मी दरवर्षी काढतो. ती जागा रिकामी राहिली तरी चालेल, पण तिथे दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. मुलगी म्हणते, बाबा, हे वेडेपण आहे. मी म्हणतो, आहे.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं माझी बहीण बोलते, तेव्हा पत्रच बरं. रेडिओ कानाला चिकटवून ऐकतो. जावई शांतपणे उठून शेजारच्या खोलीचं दार लावून घेतात.

तर सांगा, गवत काय म्हणतं? आपण का हरलो? आणि मालकांचं काय चाललंय? पेपरात आलंय की डॉक्टर आणि पंपवाले आता एका बाकावरसुद्धा बसत नाहीत.

आपला,
दादा


१५ ऑक्टोबर

दादांना नमस्कार.

तुम्हाला ठाऊक आहे, एकोणीस वर्षांत मी एकही सामना पाहिलेला नाही. ज्या गवतावर वर्षभर हात फिरवला, त्यावर बावीस जण खिळ्यांचे बूट घालून नाचतात, ते मला बघवत नाही. मी अवजारांच्या खोलीत मैदानाकडे पाठ करून बसतो. गॅलरी ओरडली की समजायचं, काहीतरी झालं. ती गप्प झाली की समजायचं, आपल्याविरुद्ध झालं.

सगळे गेले की टोपली आणि माती उकरायचा काटा घेऊन उतरतो, उखडलेली ढेपळं परत बसवतो. तेव्हा कळतं काय झालं ते.

या वेळी डाव्या बाजूला आपल्या हद्दीत सगळ्या खुणा टाचेच्या आहेत. पुढे धावणारा माणूस चवड्याने माती उडवतो. टाच रुतते ती मागे सरकणाऱ्याची. आपला नवा डावा बचावपटू नव्वद मिनिटं मागेच सरकत होता. समोरच्या माणसाला तो एकदाही आडवा गेलेला नाही. दोन्ही गोल तिकडूनच झाले असणार.

मालकांचं म्हणाल, तर भांडण शर्टावरून सुरू झालं. अकरा वर्षं शर्टावर पंपांच्या कारखान्याचं नाव होतं. या वर्षी डॉक्टरांनी न विचारता आपल्या हाडांच्या दवाखान्याचं टाकलं. क्लब डॉक्टरांचा, पण मैदानाची जमीन पंपवाल्यांची. मी जमिनीबरोबर येतो, म्हणजे पंपवाल्यांचा नोकर. पश्चिम गॅलरीखालच्या आमच्या दोन खोल्याही त्यांच्याच. पण मला दोघांशी काही देणंघेणं नाही. गवताला मालक ओळखू येत नाही.

तुमची बहीण विचारते, पथ्य पाळता का?

आपला,
मैदानावरचा


२८ नोव्हेंबर

भावोजी,

दोन्ही गोल डावीकडूनच झाले होते. तुमचं पत्र मी जावयांना वाचून दाखवलं. ते फुटबॉल बघत नाहीत, तरी म्हणाले, हे काका पोलिसात हवे होते. त्या डाव्या बचावपटूचं नाव चाहता मंडळात आता ‘रिव्हर्स’ पडलंय. ते मीच पाडलं. मंडळाच्या पत्रकातल्या माझ्या सदरात लिहिलं होतं.

आठ सामने झाले. पाच हार, तीन बरोबरी. विजय म्हणून काही असतो हे पोरं विसरली. परवा तर विरुद्ध संघाला स्वयंगोल भेट दिला आणि मग तेवढ्याच गोलाने हरलो. जेवण गेलं नाही मला. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही खेळत नव्हता. मी म्हटलं, तेही खेळत नव्हते.

आणि आता कोर्ट. पेपरात कराराचं कलम छापून आलंय ते वाचलंत का? मैदान खेळण्याजोगं ठेवायचं काम जमीनमालकाचं. पण लीगच्या तपासनिसाने एका मोसमात दोनदा मैदान नापास केलं, तर करार संपला आणि क्लब बाहेर. मग पंपवाल्यांना तिथे गोदामं बांधायला रान मोकळं. तपासणी फेब्रुवारीत आहे.

मी चाहता मंडळाला लिहून कळवलं, मैदानाची काळजी सोडा, तिथे आमचे भावोजी आहेत. संघाची करा.

आपला,
दादा


२० डिसेंबर

दादांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

रविवारच्या सामन्यात गोलरक्षक उजवीकडे झेपावायला घाबरत होता. त्याच्या उजव्या हाताला गवत जसंच्या तसं आहे. खांदा दुखत असावा. कोचला कुणी सांगितलं तर बरं, माझं कोण ऐकतो.

पाऊस या वर्षी फिरकलाच नाही. पंप जरा बिघडलाय.

तुमची बहीण बरी आहे. ती म्हणते, दादाला फार लांब पत्रं लिहीत बसू नका.

आपला,
मैदानावरचा


१० जानेवारी

भावोजी,

स्पष्ट लिहितोय, राग मानू नका. मानलात तरी लिहितोयच.

आज पेपरात मैदानाचा फोटो आहे. फोटो काळा-पांढरा असूनही ते पिवळं दिसतंय. मधल्या पट्ट्यात भेगा पडल्यात. रेडिओवरचा तोच गृहस्थ, जो ऑक्टोबरात गालिचा म्हणत होता, काल म्हणाला की खेळाडू धुळीत धावत आहेत. आपला स्ट्रायकर एकटा गोलसमोर असताना चेंडू उसळला आणि त्याच्या गुडघ्यावरून बाहेर गेला. पुन्हा हरलो. या वेळी संघाला तरी काय बोलायचं?

पंप बिघडलाय म्हणता. महिना झाला, भावोजी. बिघडला तर दुरुस्त करून घ्यायचा असतो. रोज जाऊन मॅनेजरच्या दारात बसायचं असतं. तुम्ही तसे बसणारे नाही, मला माहीत आहे. तुम्हाला माणसांशी बोलण्यापेक्षा गवताशी बोलणं सोपं वाटतं. पण हे लाजण्याचे दिवस आहेत का? दीड महिन्यावर तपासणी आली. मंडळातले लोक मला लिहून विचारतात, तुमचे भावोजी झोपलेत का? त्यांना काय सांगू? वय झालं म्हणू?

मी उंटावरून शेळ्या हाकतोय असं वाटत असेल. वाटू दे. माझे गुडघे असते तर स्वतः झारी घेऊन आलो असतो.

दादा


१६ जानेवारी

दादांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्या बहिणीशीसुद्धा बोललो नाही. ती म्हणाली, सांगू नका त्याला, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण झोपलोय असं तुम्हीच म्हणणार असाल, तर सांगतो.

पंप बिघडलेला नाही. तीन डिसेंबरला सकाळी पंपवाल्यांचे मॅनेजर दोन माणसं घेऊन आले. पंपघराच्या बटणाच्या पेटीला तार गुंडाळली आणि शिशाचं सील मारलं. मला म्हणाले, “कुणी विचारलं तर पंप बिघडलाय म्हणायचं. नोकरी आमची आहे, खोल्याही आमच्या आहेत, एवढं ध्यानात ठेवा.” मी म्हटलं, “साहेब, गवत मरेल” ते म्हणाले, “मरू दे की.”

पंपांच्या कारखान्याच्या मालकाचा पंप दीड महिना दुरुस्त होत नाही. यावर कुणाचा विश्वास बसेल असं मला वाटलं नव्हतं. पण सगळ्यांचा बसला. तुमचासुद्धा.

आता पुढचं. आमच्या घरात नळ आहे. त्याला पहाटे पाचला पाणी येतं, साडेसहाला जातं. तेवढ्या पाण्यात मैदान भिजत नाही. पण लीगचा तपासनीस आला की काय करतो, ते मी एकोणीस वर्षं पाहतोय. सामना नाही बघत, पण त्याला बघतो. तो नऊ ठिकाणी थांबतो. डोक्याच्या उंचीवरून चेंडू सोडतो, किती उसळतो ते पट्टीवर बघतो, मग जमिनीत सळई खुपसतो. दोन्ही गोलांसमोर दोन-दोन, चारी कोपऱ्यांत एकेक, आणि एक मधोमध. एकोणीस वर्षांत ती नऊ ठिकाणं बदललेली नाहीत. तिथे मी रोज पहाटे दोन-दोन झाऱ्या घालतो. तुमची बहीण भाज्या धुतलेलं पाणीही ठेवते. प्रत्येक जागा सतरंजीएवढी आहे, आणि हिरवी आहे. फोटोत दिसली नसेल.

हे बरोबर करतोय असं नाही. तपासनीस सरळ माणूस आहे, दर वर्षी आमच्याकडे चहा घेतो, आणि मी त्याला फसवतोय. पण मैदान पास झालं तर मोसम निघेल, आणि पाऊस आला की बाकीचं गवत मी वर आणीन. मुळं अजून जिवंत आहेत. रोज उकरून बघतो.

हे तुमच्याजवळच ठेवा. पोट भरायचं दुसरं काम मला येत नाही.

आपला,
मैदानावरचा


४ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी चष्मा पुसला. मी काय काय बोललो तुम्हाला. माफ करा म्हणायला तोंड नाही, पण तोंड बंद ठेवायचीही सवय नाही, म्हणून म्हणतो, माफ करा.

तुमचं गुपित माझ्याकडे सुखरूप आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. पण मंडळातली पोरं तुमच्याबद्दल वाटेल ते बोलत होती, ते मला ऐकवेना. म्हणून या महिन्याच्या सदरात थोडं लिहिलंय. कात्रण सोबत आहे. काळजी करू नका, नाव नाही, गाव नाही, नोकरी कुणाची ते नाही. फक्त एवढंच की एक माणूस आहे, तो पहाटे उठतो, हातात झारी, आणि ज्यांच्या पंपांनी अर्ध्या जगाला पाणी पाजलं त्यांनी सील केलेल्या बटणाशेजारून तो नऊ जागा भिजवत जातो. ‘नऊ सतरंज्या’ असं शीर्षक दिलंय. वीस वर्षांत इतकं चांगलं मी लिहिलं नव्हतं. मुलगी रडली.

मंडळाच्या सचिवाने कळवलंय की अंक संपला, पुन्हा छापावा लागला.

काल आपण जिंकलो, हे विसरलोच. एक-शून्य. रिव्हर्स जखमी होता म्हणून त्याच्या जागी दुसरा होता. गवताने काय सांगितलं ते जरूर लिहा.

तुमचा,
दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी लिहितेय. ते लिहिणार नाहीत.

नाव लिहिलं नाहीस म्हणे. अरे, त्या मैदानावर माळी किती? एक. मग नाव घातलं काय आणि गाळलं काय? चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, लोकांचे काना-मात्रा पकडलेस, आणि एवढं तुला दिसलं नाही?

ऐक काय झालं ते. दहा तारखेला मॅनेजर आले. हातात तुमचं पत्रक, तुझ्या सदरावर घडी घातलेली, पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या. तो माणूस कोण, हे त्यांना विचारावंच लागलं नाही. मॅनेजर म्हणाले, “नऊ जागा कुठल्या?” तर यांनी स्वतः चालत जाऊन एकेक दाखवली. खोटं बोलता येत नाही रे त्यांना. पंप बिघडलाय एवढं एकच खोटं बोलले होते आयुष्यात, तेही तुझ्याशी.

आठवड्यात खोल्या सोडायला सांगितल्या. एकोणीस वर्षांचं घर दोन हातगाड्यांत मावलं. त्यांचा काटा, ज्याची मूठ त्यांच्या हाताने झिजली, तोही ठेवून घेतला. म्हणे मैदानाची मालमत्ता.

बावीस तारखेला तपासणी होती. हे कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. तपासनीस नेहमीच्या जागेकडे निघाला तसा पंपवाल्यांच्या वकिलाने त्याच्या हातात तुझं सदर दिलं आणि म्हणाला, “या नऊ सोडून कुठेही चेंडू टाका.” तपासनिसाने उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग कुंपणाकडे, यांच्याकडे बघितलं. चार पावलं बाजूला सरकला आणि चेंडू सोडला. फरशीवर पडावा तसा छातीएवढा उसळला. सळई तर आत गेलीच नाही. मैदान नापास. आता वीस एप्रिलला दुसऱ्यांदा तपासणी, आणि तीही अशीच झाली तर क्लब रस्त्यावर.

आम्ही सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. हे खिडकीत बसून असतात. परवा समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी बाग बघाल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “मला फुलांतलं कळत नाही.”

तुझी अंगठ्याएवढी जीभ, दादा, आणि तिने आमचं छप्पर नेलं. तुझ्या लिखाणावर लोक रडले म्हणतोस. मीही रडले. मला कुणी पुन्हा छापलं नाही.

पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर त्यांना लिही, मला नको.


३ मार्च

भावोजी,

बहिणीचं पत्र मिळालं. तिने लिहिलंय त्यातला एकही शब्द खोडण्यासारखा नाही.

मी तुमची माफी मागायची तर पत्र फार लांबेल आणि त्यात पुन्हा मीच असेन. तेव्हा ती राहू द्या. मला त्या वेळी असं वाटलं होतं की मी तुमची बाजू घेतोय. खरं तर मला माझं सदर चांगलं झालं, याचाच आनंद जास्त झाला होता. एवढं कबूल करतो.

आता एक विचारायचं आहे. या वेळी आधी विचारतोय.

डॉक्टरांच्या वकिलांचं पत्र आलं. सदर वाचून त्यांनी मला शोधून काढलं. पंपवाले कोर्टात सांगताहेत की पंप खरोखरच बिघडला होता, सुटा भाग मिळत नव्हता. सील त्यांनी कधीच काढून टाकलंय. तुम्ही आता साक्ष दिलीत तर म्हणतील, नोकरी गेली म्हणून सूड घेतोय. पण तुमचं सोळा जानेवारीचं पत्र माझ्याजवळ आहे, पाकिटासकट. त्यावर टपालाचा शिक्का आहे. तेव्हा तुम्ही नोकरीत होता आणि ते कुणी वाचावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. वकील म्हणतात, त्या एका कागदावर कोर्ट पाणी सुरू करायचा हुकूम देईल. एप्रिलच्या आत.

नऊ जागांचा परिच्छेद तुम्हाला नको असेल, तर नको. त्याशिवायचा उतारा देता येईल का ते बघू, असं वकील म्हणाले. सुनावणीच्या दिवशी तपासनीस कोर्टात असणार आहेत.

तुम्ही नको म्हणालात तर पत्र माझ्या पेटीत राहील. वकिलांना मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि पत्र दाखवलेलंही नाही.

दादा


१४ मार्च

दादांना नमस्कार.

तुमचं पत्र दहा दिवस उशाखाली होतं. तुमची बहीण रोज विचारायची, काय ठरलं, आणि मी रोज सांगायचो, ठरतंय.

डॉक्टरांना मैदान हवंय म्हणजे त्यांना गवताचा कळवळा आहे असं समजू नका. दोन महिने मैदान पिवळं पडत होतं, तेव्हा ते दर रविवारी गॅलरीत बसून बघत होते. खाली उतरून एकदाही विचारलं नाही, माळीबुवा, काय झालं? आता कागद हवाय म्हणून मी आठवलो. पंपवाले वाईट आणि डॉक्टर चांगले असं काही नाही. दोन बैलांच्या टकरीत झुडपाचा चुराडा. तुम्ही सदरात हे लिहिलं असतंत तर मला जास्त आवडलं असतं.

पण गवताचा यात काही दोष नाही. परवा कुंपणाशी गेलो होतो, खाली हात घालून थोडं उकरलं. मुळं अजून पांढरी आहेत. आठवड्याभरात पाणी मिळालं तर वाचतील. पंधरवडा गेला तर नाही.

तेव्हा पत्र द्या. पण सबंध द्या. तुम्ही मुद्रितं तपासणारे, तुमचा हात एखादी ओळ काढायला शिवशिवेल. काढू नका. नऊ जागाही राहू द्या. तपासनिसाला मी फसवलं, ते त्याला कुठल्या वकिलाकडून कळण्यापेक्षा माझ्या अक्षरात कळलेलं बरं. चहा पुन्हा घ्यायचा की नाही, ते त्याचं तो ठरवील.

बाकीची पत्रं देऊ नका. टाचेच्या खुणा आणि गोलरक्षकाचा खांदा, ते कोर्टाचं काम नाही. ते तुमचं आणि माझं आहे.

आपला,
(खाली काय लिहू? मैदानावरचा आता नाही.)


११ एप्रिल

भावोजी,

हुकूम झाला, हे तुम्हाला कळलं असेलच. एकवीस मार्चपासून पाणी सुरू आहे. पत्र सबंध दिलं, एक स्वल्पविरामही हलवला नाही. तुम्ही ‘मरेल’च्या पुढे पूर्णविराम दिला नव्हता, तोही तसाच ठेवला. मला किती जड गेलं ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

बाकी सगळी चीड आणणारीच बातमी आहे. डॉक्टरांनी पेपरात मुलाखत दिली. मैदान मी वाचवलं, असा मथळा. तुमचा उल्लेख ‘एका कर्मचाऱ्याच्या पत्रामुळे’ एवढा. मी संपादकाला चार पानं लिहिली आणि मग फाडली. तुम्हाला न विचारता पाठवायची नव्हती.

तुम्हाला परत घ्या असं कोर्टाने म्हटलेलं नाही. मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तो मुद्दाच नव्हता. दोन्ही मालक वरच्या कोर्टात जाणार आहेत, आता जमिनीवरून नाही, पुन्हा शर्टावरून. आणि आपण शेवटून दुसरे आहोत. शेवटचा सामना जिंकलो नाही तर खालच्या विभागात जाणार. म्हणजे एवढं सगळं करून जे वाचवलं, त्यावर दुसऱ्या दर्जाचा खेळ होणार.

सोबत माझा पास आहे. उत्तर गॅलरी, सतरावी रांग, कडेची खुर्ची. मालकांना तुम्हाला दारातून परत पाठवता येणार नाही. पासवर नाव नसतं. मी म्हणालो होतो की तिथे दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. तुम्ही दुसरे नाही.

बहिणीला काही सांगत नाही. तिने लिहू नको म्हटलंय.

दादा


४ मे

दादांना नमस्कार.

तुमच्या बहिणीने पाकीट बघितलं आणि म्हणाली, लिहिताय तर लिहा, पथ्य पाळतो का ते विचारा. तेव्हा विचारतो.

तपासणीत मैदान पास झालं. काठावर. तपासनीस बाहेर पडताना मी कुंपणाशी होतो. तो थांबला आणि म्हणाला, “मधल्या भागात मुळं खोल आहेत. कशी राखली?” मी म्हटलं, “ती मी नाही राखली. ती आपली आपण राहिली.” त्याने मान हलवली आणि गेला. चहाचं काही बोलला नाही. पुढच्या वर्षी बघू.

बंगल्यातल्या बाईंकडे जायला लागलोय. फुलांतलं अजून कळत नाही.

काल तुमच्या खुर्चीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सबंध सामना पाहिला. दादा, राग मानू नका, पण मला काही कळलं नाही. सगळे एकाच वेळी धावतात. शेजारचे गृहस्थ दर मिनिटाला उभे राहायचे, मग मला दिसायचं नाही, आणि दिसायचं तेव्हा ते म्हणायचे, “बघितलंत का?” मी हो म्हणायचो. मध्यंतरात त्यांनी विचारलं, या खुर्चीवरचे म्हातारे गेले का? मी म्हटलं, नाही, ते रेडिओशी भांडत असतील.

आपण हरलो, तीन-दोन. शेवटच्या मिनिटाला. खालच्या विभागात गेलो. ते तुम्हाला कळलंच आहे, आणि जेवण गेलं नसेल हेही मला माहीत आहे.

सगळे गेल्यावर मी बसून राहिलो. खाली नवा माळी आला. तरणा आहे, घाईत आहे, उखडलेली ढेपळं बुटाने दाबत होता. माझ्याच्याने राहवेना. कठड्याशी जाऊन म्हटलं, “अहो, बुटाने नाही. आधी काट्याने खालची माती मोकळी करा, नाही तर मूळ धरत नाही.” त्याने वर पाहिलं. मी कोण ते त्याने ओळखलं असावं. गॅलरीचं फाटक उघडलं आणि काटा माझ्या हातात दिला. माझाच होता. मूठ लगेच बसली.

तासभर मिळाला. गोलासमोरचं झालं, मधलं झालं, मग डावीकडे गेलो.

तुमचा रिव्हर्स काल खेळला, हे रेडिओने सांगितलं असेल. काय खेळला ते सांगितलं नसेल, कारण तीनही गोल उजवीकडून झाले. डाव्या बाजूला, दादा, टाचेची एकही खूण नाही. मी दोनदा शोधलं, गुडघ्यांवर बसून शोधलं. सगळी माती चवड्यांनी उडालेली, आपल्या गोलपासून त्यांच्या गोलपर्यंत. तिसरा गोल झाल्यानंतरच्याही खुणा तशाच आहेत, त्या बाकीच्या खुणांवर उमटलेल्या आणि अजून ओल्या होत्या, म्हणून ओळखू आल्या. तोपर्यंत तर सगळं संपलेलं होतं.

ती ढेपळं मी सगळ्यात शेवटी बसवली.

आपला,
भावोजी